मेट्रोपासून दोनशे अकरा पावलं

"दोनशे अकरा पावलं," मी खोलीत शिरत म्हटलं. "हॉटेलच्या पायरीपासून मेट्रोच्या लिफ्टपर्यंत. दोनदा मोजली."

आई पलंगावर बसून पिशवीतून घारग्यांचा डबा काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुझी पावलं की अंबूताईची?"

"माझी."

"मग काय उपयोग, भाऊ? गुडघे गेलेत तिचे."

मी पुन्हा खाली उतरलो आणि गुडघे गेलेल्या बाईची पावलं टाकत तेच अंतर मोजलं. दिल्लीच्या करोल बागेत, भर दुपारी. अडतीस वर्षांचा बाप्या अशी खुरडत पावलं टाकतोय हे बघून एक मोसंबीवाला हसला. चारशे तीस भरली. फूटपाथ एका जागी उखडला होता. तिथे मावशीचा हात धरायचा, असं मी ठरवून टाकलं.

हे फेब्रुवारी दोन हजार आठमधलं. मी तेव्हा कराडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून ओरडणारा माणूस. जगातली निम्मी दुःखं गाडी चुकल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी आधी चौकशी न केल्यामुळे, असं माझं ठाम मत होतं. बायको म्हणायची, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी विचारतील, स्टँडपासून किती लांब?" यात चेष्टेसारखं काय आहे, ते मला कळायचं नाही.

अंबूताई म्हणजे आईची थोरली बहीण. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. चौसष्ट साली पुण्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका पंजाब्याशी लग्न करून ती दिल्लीला गेली आणि वाईच्या आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती, अजून लग्न व्हायचं होतं. पुढे आई आमच्या घरात आली, तर इथे माझे वडील, अण्णा, आजोबांच्याही वरताण निघाले. मावशीचा विषय निघाला की अण्णा ताटावरून उठायचे. त्यामुळे तो विषय निघायचा नाही.

आदल्या वर्षी वाईकडची एक ओळखीची बाई दिल्लीला गणपतीत गेली होती. तिथल्या एका मराठी मंडळात तिला अंबूताई दिसली. त्या मंडळाच्या वाचनालयाचा पत्ता घेऊन ती परत आली आणि तो तिने आईच्या हातात ठेवला. आईने आठ दिवस वाट पाहिली, मग अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुझी बहीण, तू जाण. पण त्या बाईच्या कागदावर पाटणकरांचं नाव जाता कामा नये. ना माझं, ना तुझं, ना पोरांचं."

आईने आयुष्यात अण्णांचा शब्द मोडलेला नव्हता. हाही तिने पाळला. पत्र लिहिलं, पण त्यात घरातल्या कुणाचं कागदावरचं नाव घातलं नाही, मीही त्यात नुसता भाऊ होतो, आणि उत्तरासाठी पत्ता दिला तिच्या ओळखीच्या, शाळेत शिकवणाऱ्या मेहेंदळेबाईंचा. महिन्याभराने मेहेंदळेबाई स्वतः पाकीट घेऊन स्टँडवर आल्या आणि माझ्या खिडकीतून ते मला दिलं. ते पाकीट खिशात घालून मी घरी नेलं. वर कुणाचं नाव लिहिलं आहे, हे मी बघितलंसुद्धा नाही.

अशी चार पत्रं झाली. आई ती माजघरात एकटीच वाचायची. शेवटच्या पत्रातला मात्र एक परिच्छेद तिने मला बोलावून वाचून दाखवला, कारण ते माझ्या खात्यातलं काम होतं. अंबूताईने लिहिलं होतं, 'मुलाच्या घरी तुला बोलावता येत नाही, त्याचं कारण विचारू नकोस. बाहेर भेटू. रविवारी वाचनालयाचं निमित्त करून मला निघता येतं. बसमध्ये मला चढवत नाही आणि रिक्षात बसवत नाही. मेट्रो मात्र घराखालीच आहे, तिला लिफ्ट आहे. तेव्हा मेट्रोजवळ कुठे तरी उतर. मधे गाडी बदलायला लावू नकोस, मी चुकते. ऐकू कमी येतं, फोनचा उपयोग नाही. मार्चमध्ये मुलगा मला कायमचं कॅनडाला नेतोय. त्याआधी एकदा ये.'

"कुठलं स्टेशन तिचं?" मी विचारलं.

"उत्तम नगर म्हणून काही तरी आहे."

मला तेवढंच पाहिजे होतं. त्याच्या मागचं-पुढचं मी काही विचारलं नाही.

मी सायबर कॅफेत जाऊन दिल्लीच्या मेट्रोचा नकाशा छापून आणला. उत्तम नगरहून गाडी न बदलता जिथे जिथे येता येईल अशा स्टेशनांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. मग हॉटेलांना फोन लावायला लागलो. आईला हॉटेल हा शब्दच पटत नव्हता. "हॉटेल कशाला? तिथे काय दिवसभर चहा-भजी खात बसायचंय? चांगलासा लॉज बघ." मी म्हटलं, दिल्लीत लॉजला हॉटेलच म्हणतात. मेट्रो किती लांब आहे, या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "बस, पाँच मिनट." मी एसटीतला माणूस. 'पाच मिनिटांत येईल' हे मी स्वतः रोज दोनशे लोकांना सांगत होतो, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी मी प्रश्न बदलला. "आपके काउंटर से मेट्रो का बोर्ड दिखता है क्या?" नववा माणूस म्हणाला, "बाहर पैर रखो तो दिखता है, सर." मी त्याच हॉटेलची खोली धरली. हॉटेलचं नाव, स्टेशनचं नाव, रविवार, सकाळी अकरा, हे सगळं आईने पत्रात लिहिलं आणि मी ते रजिस्टरने पाठवलं. अण्णांना आम्ही मथुरेचं दर्शन म्हणून सांगितलं.

शनिवारी दुपारी काउंटरवर पोहोचलो तेव्हा मी आणखी एक काळजी घेतली. सकाळपाळीचा नेगी नावाचा पहाडी माणूस अजून निघायचा होता, चेहऱ्याने भला. त्याला मी बजावलं, "कल ग्यारह बजे एक बूढ़ी औरत आएगी. महाराष्ट्र की, साड़ी में होगी. मेरी माँ को पूछेगी. सुहासिनी पाटणकर." त्याने ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढे दोनशे चार हा खोलीचा नंबर घातला. मी ते वाचून बघितलं, स्पेलिंगसुद्धा तपासलं.

संध्याकाळी आई खिडकीशी उभी होती. खिडकीतून मेट्रोचा पूल दिसायचा. दर चार-पाच मिनिटांनी गाडी जायची.

"यातलीच कुठली तरी ना?" तिने विचारलं.

"उद्याची. ही आजची आहे."

"शहाणाच आहेस." मग म्हणाली, "भाऊ, ती गेली ना, त्या दिवशी पहाटे खिडकीखाली आली होती. माझ्या नावाने हाका मारल्या तिने. तीन. हळूच, बाबांना ऐकू जाऊ नये अशा."

"मग?"

"मी जागी होते. दाराला कडीसुद्धा नव्हती. गेले नाही मी."

"घाबरली असशील."

"घाबरले वगैरे काही नव्हते. मला राग आला होता तिचा. आमच्या एका खोलीत मला एकटं टाकून चालली म्हणून." आईने खिडकीची काच सरकवून लावली. "चव्वेचाळीस वर्षं झाली. तेवढं तिला सांगायचंय, की मी जागी होते. तिला वाटत असेल, झोपले होते. तसं वाटून तिने सोडून दिलं असेल तर ते मला नको आहे."

मी म्हटलं, "उद्या अकरा वाजता सांग."

रविवारी आई पाचला उठली. आंघोळ करून तिने सुती पातळ नेसलं, ते सोडलं, आणि निळं नेसलं. "निळं तिला आवडायचं," म्हणाली. मग वेणी घातली, ती मनासारखी झाली नाही, ती सोडली. नऊ वाजता चहा आला. साडेनऊनंतर ती तिसऱ्यांदा तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. नळाचा आवाज येत होता. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला.

"सर, नेगी बोल रहा हूँ." मागे बराच गलका होता, कुठली तरी सहल खोल्या सोडून निघाली होती. "सर, आपके साथ कोई वेणु जी हैं क्या? नीचे पूछ रहे हैं."

"वेणू? नहीं," मी म्हटलं. "इस नाम का कोई नहीं है इधर."

"ठीक है, सर. सॉरी."

आईने आतून विचारलं, "कुणाचा रे?"

"चुकून लागला."

साडेदहाला मी खाली उतरलो. मेट्रोच्या लिफ्टच्या दारात जाऊन उभा राहिलो. मावशी लिफ्टनेच येणार होती, त्यामुळे जिन्याकडे बघायचं कारण नव्हतं. दार उघडायचं, पाच-सहा माणसं बाहेर पडायची. एक पाय ओढणारे सरदारजी, मूल कडेवर घेतलेली बाई, सुटकेस ओढणारं जोडपं. मी साडी शोधत होतो. साडी, कुंकू, आणि आईसारखं नाक. बाहेर येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे मी नीट बघितलं. बाहेर आलेले गेले की खालचे लोक आत शिरायचे, दार लागायचं, आणि मी पुन्हा वाट पाहायचो. आत शिरणाऱ्यांकडे बघण्याचं मला काही कारण नव्हतं.

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी मनाशी म्हटलं, रविवारी गाड्या कमी असतात. बारा वाजता मी धावत वर जाऊन आलो. आई खिडकीशीच होती.

"आली?"

"येईल. रविवार आहे."

"आत्ता एक गेली बघ गाडी. त्यात असेल."

"असेल. मी खाली जातो."

"भाऊ, तू तिला ओळखशील ना?"

"न ओळखायला काय झालं? तुझ्यासारखीच असणार."

नेगीला विचारलं, "कोई आया मेरी माँ को पूछने? सुहासिनी पाटणकर?" त्याने कागद बघून मान हलवली. "नहीं, सर. नाम तो लिखा रखा है. आते ही ऊपर भेज दूँगा."

मी अडीच वाजेपर्यंत लिफ्टपाशी उभा होतो. पाय दुखले, ऊन डोक्यावर आलं, मोसंबीवाल्याने बसायला खोकं दिलं. खोक्यावर बसलं तर दार अर्धंच दिसायचं, म्हणून मी बसलो नाही. नंतर मला मावशीचा रागच यायला लागला. एक गाडी, मधे बदल नाही, घराखाली स्टेशन. याहून सोपा प्रवास मी कुणाला आखून दिला नव्हता. एवढंही जमू नये?

वर आलो तेव्हा आई पलंगावर बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदराने उगीचच गुडघ्यावरची धूळ झटकली.

"तब्येत बिघडली असेल," मी म्हटलं. "किंवा सुनेने सोडलं नसेल."

"नाही. आली असती तर लवकरच आली असती. लहानपणापासून तशीच आहे. सातची एसटी असली की सहाला स्टँडवर." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "तिला माहीत आहे मी जागी होते. तेव्हापासून माहीत आहे. म्हणून नाही आली."

"तसं काही नसेल, आई."

"मग काय असेल, सांग."

संध्याकाळी तिने डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. "खा. प्रवासात खराब होतील." भोपळ्याचे घारगे होते, अंबूताईसाठी तळलेले. आम्ही दोघांनी ते सगळे खाल्ले. इतके खायची आम्हाला भूक नव्हती.

सोमवारी सकाळी दहाची परतीची गाडी होती, नवी दिल्ली स्टेशनवरून. आठला बॅगा घेऊन खाली आलो. काउंटरवर नेगी होता. त्याने किल्ली घेतली, खोलीचं बिल शिक्का मारून दिलं, आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "सर, कल वो माताजी को अपने लोग मिल गए क्या?"

"कौन माताजी?"

"वही, जिनके लिए मैंने फ़ोन किया था आपको. पौने दस बजे. सलवार-कमीज़ में थीं, पंजाबी लग रही थीं, बहुत ऊँचा सुनती थीं. किसी वेणु को पूछ रही थीं. बोलीं बहन है, महाराष्ट्र से आई है. महाराष्ट्र का मेरे पास आप ही का कमरा था, तो मैंने सोचा पूछ लूँ. आपने मना कर दिया."

वेणू. आईच्या माहेरून आलेल्या पितळी तांब्यावर 'कु. वेणू मोघे, वाई' असं कोरलेलं आहे. लहानपणी मी त्या तांब्याने आंघोळ केली आहे. अक्षरं जुळवायला शिकलो तेव्हा त्यावरचं नाव मी आईला वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, ही वेणू कोण? आई म्हणाली होती, "होती एक." आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या बायकोचं मी स्वतःच बदललं होतं. चव्वेचाळीस वर्षं न भेटलेली बहीण सुहासिनी पाटणकर कुणाला म्हणेल? तिने ते नाव कधी ऐकलेलंच नव्हतं.

नेगी बोलतच होता. "रजिस्टर भी दिखाया मैंने. चश्मा लगा के पूरा पन्ना पढ़ा उन्होंने, उँगली रख-रख के. फिर कहने लगीं, उसका बेटा भी है साथ में, भाऊ. अब भाऊ कौन? बीस मिनट यहीं सोफ़े पे बैठी रहीं. मैंने पानी पिलाया, बोला, अगली गली में इसी नाम के दो होटल और हैं, वहाँ देख लो. चली गईं."

रजिस्टरमध्ये पाचव्या ओळीत माझ्या अक्षरात गिरीश पाटणकर लिहिलेलं होतं आणि त्याखाली मिसेस सुहासिनी पाटणकर. तिचं बोट त्या दोन्ही नावांवरून गेलं असणार. पावणेदहा ते सव्वादहा ती खालीच होती. मी वर चहाचा कप विसळत होतो. साडेदहाला मी लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानंतर कधी तरी गल्ल्या फिरून थकलेली सलवार-कमीजमधली एक म्हातारी माझ्या शेजारून त्याच लिफ्टमध्ये शिरली असेल. कदाचित जरा बाजूला हो, असंही म्हणाली असेल. मला खरोखर आठवत नाही.

आईला हिंदी फारसं कळत नसे. ती माझ्या बाजूला पिशवी धरून उभी होती. "भाऊ, वेणू काय म्हणाला तो?"

"काही नाही. चल, गाडी चुकेल."

हेच म्हणालो मी. माणसाच्या तोंडी जे बसलेलं असतं तेच बाहेर पडतं. गाडी चुकू द्यायला हवी होती. मराठी मंडळाचं वाचनालय रविवारी आणि बुधवारी उघडायचं. बुधवारपर्यंत थांबून तिथे निरोप ठेवता आला असता. हे मला तेव्हा, काउंटरशी उभा असतानाच सुचलं होतं. पण तिकिटं काढलेली होती आणि अण्णांना चार दिवस सांगितले होते. मी बॅगा उचलल्या. ती दोनशे अकरा पावलं आम्ही चाललो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे अडखळायला नको. पंधरा दिवसांनी मेहेंदळेबाई पत्र घेऊन आल्या. या वेळी मी पाकिटावरचं नाव वाचलं, नुसतं वेणू. आत चारच ओळी होत्या. 'मुलगा सकाळीच बाहेर गेला म्हणून लवकर निघाले. तू लिहिलेल्या हॉटेलात तू नव्हतीस. आणखी सहा हॉटेलं विचारली. बाबांचीच मुलगी आहेस, ऐन वेळी पाय निघाला नसेल. मी समजू शकते. आता लिहू नकोस.' आईने त्याच दिवशी उत्तर लिहिलं, सगळं खरंखरं, आणि प्रथमच खाली आमचा पत्ता घातला, पाटणकरांचा. अण्णांनी ते बघितलं आणि ते काही बोलले नाहीत. एप्रिलमध्ये ते पत्र परत आलं, 'वाचक सभासद नाही' असा शेरा मारून. मी त्यानंतर दोनदा दिल्लीला जाऊन आलो, उत्तम नगरला दारोदार विचारलं. पण तिथे मला तिचं सासरचं आडनाव विचारायचे, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. तिने पत्रात कधी लिहिलं नव्हतं आणि वाचनालयात तिला नुसतं अंबूताई म्हणूनच ओळखत होते. दोन हजार तेराच्या डिसेंबरात आई गेली.

त्या सोमवारी मेट्रोत गर्दी होती. एका मुलीने उठून आईला जागा दिली. मी तिच्यापुढे दांडा धरून उभा होतो. गाडी सुटली, पुलावरून थोडी गेली आणि जमिनीखाली शिरली. आईने माझ्या शर्टाची बाही ओढली. मी वाकलो.

"वेणू म्हणून विचारलं तिने?"

"हो."

"मोघे म्हणून नाही, नुसतं वेणू?"

"त्याने तेवढंच सांगितलं."

तिचा चेहरा एकदम उजळला. मी तिला इतकी आनंदात क्वचितच पाहिली होती, आणि त्या वेळी तिथून पळून जावंसं मला वाटलं. "आली होती म्हणजे," ती म्हणाली. "लवकरच आली. बघ, मी म्हटलं नव्हतं? लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने सुहासिनी लिहिलं ना, तेव्हापासून कुणी हाकच मारली नाही मला वेणू म्हणून. माहेरीसुद्धा नाही. बाबा सगळ्यांना बजावायचे, आता तिचं नाव सुहासिनी."

मग तिला आठवलं असावं. तिचा चेहरा हळूहळू पहिल्यासारखा झाला.

"तो फोन आला होता. मी तोंड धूत होते तेव्हा."

"हो."

"तू घेतलास."

"हो."

"काय सांगितलंस त्याला?"

खोटं बोलता आलं असतं. फोन लागलाच नव्हता, त्याने नाव वेगळंच सांगितलं, काहीही म्हणता आलं असतं. तिने माझं ऐकलं असतं. ती सगळ्यांचंच ऐकायची.

"म्हटलं, वेणू नावाचं कुणी नाही इथे."

आईने मान हलवली. तिने पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. "कुणी नाहीच आहे."